हंगामाबाहेरचे बेट

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखक कोठे गेला, कोणाला भेटला आणि त्याची भाषा कितपत ओघवती आहे, याची आपण कसून चौकशी करतो. परंतु तो तेथे केव्हा गेला, हे सहसा विचारीत नाही. फार झाले तर साल पाहतो. महिना पाहत नाही. ही उणीव दिसावयास लहान आहे खरी, परंतु ज्या स्थळांचे सारे आयुष्य ऋतूंना बांधलेले असते त्यांच्याविषयीच्या लेखनात ती मोठी ठरते. ग्रीसची बेटे अशा स्थळांपैकी होत. शार्मियन क्लिफ्ट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘मर्मेड सिंगिंग’ (१९५६) आणि ‘पील मी अ लोटस’ (१९५९) ही दोन पुस्तके २०२१ साली लंडनहून पुन्हा छापून निघाली. आमच्या हाती ती उशिराच आली. परंतु वाचून संपल्यावर काळवेळेचा हा प्रश्न मनातून जाईना. त्याचाच थोडा विचार येथे करण्याचा मानस आहे. आम्ही स्वतः ग्रीसला गेलेलो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे; आमचा अधिकार वाचकाचा आहे, प्रवाशाचा नव्हे.

ग्रीक बेट म्हटले की हल्ली जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते बहुधा सांतोरिनीचे असते. ज्वालामुखीच्या स्फोटाने खचलेल्या प्रचंड विवराच्या कड्यावर बसलेली पांढरी घरे, निळे घुमट, खाली गर्द समुद्र आणि ईआ गावातून दिसणारा सूर्यास्त. हे चित्र खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते उन्हाळ्याचे चित्र आहे. सुमारे १५ हजार वस्तीच्या या बेटावर २०२३ साली सुमारे ३४ लाख पाहुणे येऊन गेले, आणि त्यांतील फार मोठा भाग उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत लोटला होता. नोव्हेंबर उजाडला की उपाहारगृहांच्या खुर्च्या आत जातात, पुष्कळशा हॉटेलांना कुलपे लागतात, बोटींच्या फेऱ्या रोडावतात. पुढे दक्षिणेचे वादळी वारे सुटतात. वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापाने आठावर गेला की बंदराचे अधिकारी बोटींना सुटण्यास मनाई करतात, आणि मग औषध असो, वर्तमानपत्र असो की मुलगी सासरहून यावयाची असो, सर्वांनाच वारा पडेपर्यंत थांबावे लागते. मधूनच भर हिवाळ्यात चारआठ दिवस समुद्र तळ्यासारखा निवांत होतो. त्या दिवसांना ग्रीक लोक हॅल्सियन पक्ष्याचे दिवस म्हणतात. दक्षिणायन संपण्याच्या आधीचे सात व नंतरचे सात दिवस हा पक्षी अंडी उबवितो अशी समजूत ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नोंदविलेली आहे. उन्हाळी पाहुण्यास हे दिवस ठाऊक असण्याचे कारण नाही.

या काळास ‘ऑफ सीझन’ म्हणावयाचे, हा प्रघात हॉटेलवाल्यांच्या जमाखर्चातून आलेला आहे. ज्या महिन्यांत खोल्यांचे भाडे उतरते ते महिने हंगामाबाहेरचे, असा त्याचा साधा हिशेब. त्यात बिघडले काही नाही. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याचा शब्द वापरावा. परंतु लेखकाने तो शब्द उचलला की त्याच्याबरोबर एक दृष्टीही उचलली जाते. पाहुणा नाही म्हणजे हंगाम नाही. आणि हंगाम नाही म्हणजे बेटावर काही घडत नाही, ते जणू पुढील मे महिन्याची वाट पाहत झोपी गेलेले असते, ही ती दृष्टी. क्लिफ्टबाईंच्या पुस्तकांचे मोल असे की, ही दृष्टी नेमकी कोठे चुकते हे त्यांत प्रत्यक्ष दिसते. आणि कुतूहलाची गोष्ट अशी की, दुसऱ्या पुस्तकात त्या स्वतःच तिच्या जवळपास येऊन ठेपतात.

हंगाम ही कल्पना रुजण्यापूर्वीचा एक प्रवासी येथे आठवतो. थिओडोर बेंट व त्यांच्या पत्नी मेबेल या इंग्रज दांपत्याने १८८३ च्या आगेमागे दोन हिवाळे सायक्लडीज द्वीपसमूहात हिंडून काढले, आणि त्यावरील बेंट यांचे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध झाले. एका बेटास एक प्रकरण, अशी त्याची सरळ मांडणी. लहानशा शिडाच्या होडीतून एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचे, वारा फिरला की अडकून पडावयाचे, गावच्या मुख्याच्या घरी उतरावयाचे, आणि अडकून पडलेल्या त्या दिवसांत लग्न, मयत, बारसे, भुताखेतांच्या गोष्टी यांपैकी जे समोर येईल ते टिपून घ्यावयाचे. ॲमॉर्गॉसवरील ईस्टरच्या सप्ताहाचे त्यांचे वर्णन आजही वाचनीय वाटते. वाईट हवेने या ग्रंथास जेवढे दिले तेवढे चांगल्या हवेने दिले नसते. मात्र बेंट यांचा एक दोष आहे. ते जिवंत माणसाकडे पाहतात, पण त्याच्या पाठीमागे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक दिसतो का, हे शोधण्याची त्यांना घाई झालेली असते. एखादी म्हातारी मृतासाठी विलाप करू लागली की त्यांना होमर आठवतो; तिचे कोण गेले, ही चौकशी मागे पडते. विद्वान प्रवाशास हा रोग जडतोच. आपल्याकडील लेण्यांची वर्णने वाचताना, पायथ्याच्या गावात पाणी कोठून आणतात हे आपल्याला किती वेळा कळले आहे?

हेन्री मिलर आणि लॉरेन्स डरेल या दोघांची पुस्तके अधिक प्रसिद्ध आहेत. मिलर १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, ग्रीसला गेले व वर्षाच्या अखेरपर्यंत तेथे होते. त्यांच्या ग्रंथात तेज आहे, परंतु बेट थोडे व मिलर फार. डरेल यांनी कॉर्फूवर हिवाळे काढले होते, आणि त्यांचे १९४५ चे पुस्तक गद्याच्या दृष्टीने या सर्वांत देखणे आहे. पण त्या देखणेपणाची चाहूल लेखकास सतत असते, आणि वाचकासही विसरू दिली जात नाही. या दोघांपेक्षा क्लिफ्टबाई आम्हांस जवळच्या वाटल्या याचे एक कारण असे की, त्या मुलाबाळांसह बिऱ्हाड घेऊन गेल्या होत्या. चूल पेटवावयाची आहे, ओले कपडे वाळत नाहीत, मुलाला शाळेत घालावयाचे आहे, अशा बाईला पावसाळी दिवसाचे काव्य फार वेळ परवडत नाही.

शार्मियन क्लिफ्ट (१९२३–१९६९) व त्यांचे पती, कादंबरीकार जॉर्ज जॉन्स्टन, लंडनमधील वृत्तपत्री जीवनास कंटाळून १९५४ च्या अखेरीस दोन मुलांसह कालिम्नोस बेटावर आले. आशिया मायनरच्या किनाऱ्यालगतचे हे बेट सुमारे ११० चौरस किलोमीटरचे, खडकाळ, शेतीस अपुरे. १९१२ पासून ते इटलीच्या ताब्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या तहान्वये, डोडेकॅनीजमधील इतर बेटांबरोबर ते ग्रीसला मिळाले. पुस्तकाचा आरंभच पाहण्यासारखा आहे. एका लहानशा करड्या होडीतून, नैर्ऋत्येचा सिरोको वारा घोंगावत असताना, हे कुटुंब पोथिया बंदरात शिरते. प्रवासवर्णनात बेट प्रथम दिसते ते बहुधा निळ्या क्षितिजावर, दुरून, हळूहळू. येथे ते भिजलेल्या, भेदरलेल्या माणसांना एकदम अंगावर आल्यासारखे भेटते. पहिल्याच पानावर लेखिका पाहुण्याचा मान सोडून देते, असे म्हटले तरी चालेल.

आता या बेटाचा खरा हंगाम कोणता ते पाहू. कालिम्नोसचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या तळाचे स्पंज काढीत आले. पूर्वी पाणबुड्या एक सपाट दगड हाती धरून, उघड्या अंगाने, एका श्वासात तळाशी जाई. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पितळी शिरस्त्राणाचा पोशाख व नळीने हवा पुरविणारा पंप या बेटांवर आला. त्यामुळे माणूस खोल पाण्यात अधिक वेळ राहू लागला, आणि मरूही लागला. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन, माणूस घाईने वर आला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याने लकवा येतो किंवा मृत्यू ओढवतो. कारण न कळल्यामुळे पहिल्या काही दशकांत किती तरी घरे उजाड झाली. कळल्यावरही घाई सुटली नाही, कारण घाईतच पैसा होता. तांडा ईस्टर आटोपल्यावर आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे निघे आणि शरद ऋतूत परत येई. पाणबुड्यांना मजुरीचा मोठा भाग निघण्यापूर्वीच, उचल म्हणून, मिळे. परत येण्याची शाश्वती नसलेल्या माणसाने आगाऊ पैसे मागावेत, यात त्याचा हिशेब चुकला असे कोण म्हणेल? ती उचल मागील कर्जात, घरखर्चात आणि गुत्त्यात जाई.

तेव्हा उन्हाळ्यात, ज्या दिवसांत प्रवासी ग्रीक बेटांवर उतरतात त्याच दिवसांत, कालिम्नोस हे बायका, मुले, म्हातारे आणि पांगळे यांचे बेट असे. ते भरत असे हिवाळ्यात. लग्ने हिवाळ्यात, भांडणे हिवाळ्यात, नाच हिवाळ्यात, कर्जाच्या बोलण्या हिवाळ्यात. त्या बेटावर राहते घर हुंडा म्हणून थोरल्या मुलीस देण्याची जुनी रीत आहे. म्हणजे सहा महिन्यांनी परतलेला पुरुष एका परीने बायकोच्या घरी आलेला पाहुणाच. क्लिफ्टबाई योगायोगाने नेमक्या या काळात तेथे पोहोचल्या. पर्यटनाच्या हिशेबाने त्या अवेळी गेल्या; बेटाच्या हिशेबाने अगदी वेळेवर गेल्या. ‘मर्मेड सिंगिंग’चे सर्व बळ आमच्या मते या एका गोष्टीत आहे. धक्क्यावर काठी टेकीत चालणारे लकवाग्रस्त पाणबुडे, स्त्रियांना ज्या ठिकाणी सहसा जागा नसते अशा गुत्त्यांत परक्या बाईला सौजन्याने मिळालेली जागा, एपिफनीपासून ईस्टरपर्यंत चढत जाणारा सणांचा क्रम, आणि या सर्वांखाली चाललेले दिवस मोजणे. ईस्टर जवळ आला की बेटाचा आनंद वाढतो आणि त्याच प्रमाणात बायकांचे चेहरे उतरतात. ईस्टरला डोंगरावरून सुरुंगाची दारू उडविण्याची तेथे चाल आहे. त्या आवाजात पुनरुत्थानाचा जयघोष आणि निघून जाणाऱ्यांचा निरोप यांचा भेद करणे कठीण व्हावे.

आपल्या काव्यशास्त्रात प्रोषितभर्तृका म्हणून एक नायिका सांगितली आहे. तिचा पती प्रवासास गेलेला असतो आणि पावसाळा लागताच तो परत येईल म्हणून ती वाट पाहते. संस्कृत कवींनी तिच्या विरहाचे वर्णन इतके केले की ती शिसवी पेटीतील बाहुलीसारखी झाली. कालिम्नोसच्या बायका याच नायिकेच्या बहिणी, परंतु त्यांना उसासे टाकण्यास सवड नव्हती. दुकानदाराचे देणे, मुलांचे पायतण आणि नवरा जिवंत येईल का पांगळा येईल, हा विचार. आमच्या गोव्यात ज्या घरांतील पुरुष बोटीवर तारवटी म्हणून जातात, त्या घरांतील बायकांस हे पुस्तक वाचून दाखविले तर त्यांना त्यात परके काही वाटणार नाही. कोकणातले एखादे गाव केवळ गणेशचतुर्थीस पाहणाऱ्याने तेथे तरण्या पुरुषांची वाण नाही असा निष्कर्ष काढावा, तसेच कालिम्नोस केवळ ऑगस्टात पाहणाऱ्याचे उलट्या अंगाने होईल.

या पुस्तकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १९५५ चा उन्हाळा सरत असता, तांडा परतण्यापूर्वीच, जॉन्स्टन कुटुंब कालिम्नोस सोडून हायड्रा बेटावर गेले. म्हणून या पुस्तकात जाणे आहे, येणे नाही. ज्यांना निरोप देताना आपण लेखिकेबरोबर धक्क्यावर उभे होतो त्यांतील कोण परत आला, हे आपणांस कळत नाही. ही कलेची तडजोड नव्हे. ती प्रवाशाची सोय आहे. त्यांना जाता आले. ज्या बायकांबरोबर त्यांनी हिवाळा काढला त्यांना ती सोय नव्हती. पुस्तकाच्या उत्तरार्धात जो एक हलकासा उत्साह, काहीसा पाहुण्याचा, आपल्याला जाणवतो त्याचे मूळ येथे असावे. गरिबीचे रंग लेखिकेस मधूनमधून फारच सुंदर दिसतात, हा आक्षेपही याच्याच पोटातला.

‘पील मी अ लोटस’ हे पुस्तक हायड्राचे. एजियन समुद्रात पिरेयसपासून जवळ असलेले हे बेट निराळ्या इतिहासाचे आहे. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात येथील जहाजांनी व मियाउलिससारख्या नौसेनानींनी नाव मिळविले. बंदराभोवती तांडेलांचे जुने दगडी वाडे उभे आहेत. मोटारींना तेथे आजही बंदी असून ओझी गाढवांच्या व खेचरांच्या पाठीवरून जातात. पुस्तकाची मांडणी महिन्यांची आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत, विहिरीशेजारचे घर विकत घेतल्याच्या दिवशी, ते सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते. लेखिका गरोदर आहे. एप्रिलात घरीच तिला तिसरे अपत्य होते. फेब्रुवारी-मार्चची पाने उत्कृष्ट आहेत. गळणारे छप्पर, थंड दगडी खोल्या, हिवाळ्यापुरते राहिलेले मूठभर परदेशी कलावंत; चित्रकार सिडनी नोलन त्या हिवाळ्यात तेथे होते, आणि पुस्तकात ते दुसऱ्या नावाने वावरतात. पैसा नाही, परंतु काम आहे. आणि शेजाऱ्यांना तुम्ही अजून गेलेले नाही एवढ्यावरून तुमच्याविषयी एक नवा आदर वाटू लागला आहे.

मग उन्हाळा येतो, आणि पुस्तकाचा सूर बदलतो. पाणी आटते, उकाडा वाढतो, बोटींतून लोकांचे लोंढे उतरतात. त्याच वर्षी सोफिया लॉरेन यांच्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ या चित्रपटाचे चित्रीकरण हायड्रावर झाले. ते सारे लटांबर बंदरात कसे पसरले याचे वर्णन विनोदी आहे, पण त्या विनोदाला धार आहे आणि धारेला कडवटपणा. उन्हाळी पाहुणे, त्यांतही कलेची मिजास मिरविणारे रिकामटेकडे तरुण, लेखिकेला सहन होत नाहीत. वाचताना आम्हांस प्रथम त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. नंतर जरा थांबून आम्ही स्वतःस विचारले: कालिम्नोसच्या पुस्तकात हा कडवटपणा का नव्हता?

उत्तर असे की, दोन पुस्तकांतील पंचांगे वेगळी आहेत. कालिम्नोसवर कालगणना होती तांड्याची. कोण केव्हा येईल-जाईल हे समुद्र आणि कर्ज ठरवीत होते, आणि लेखिका त्या गणनेत एक क्षुल्लक साक्षीदार होती. हायड्रावर कालगणना पाहुण्यांची होऊ लागली होती. आता हिवाळा चांगला, कारण पाहुणे नाहीत; उन्हाळा वाईट, कारण पाहुणे आहेत. म्हणजे पाहुण्यांचा तिरस्कार करतानाही मोजमाप त्यांचेच. ‘ऑफ सीझन’ या शब्दातील दृष्टी उलट बाजूने येथे शिरली आहे. हायड्राच्या दुकानदाराला, खेचरवाल्याला, खाणावळ चालविणाऱ्या बाईला जुलै महिना कसा वाटत असेल? वर्षाची मीठभाकरी त्यांना त्या महिन्यांतच मिळवावयाची होती. ती बाजू पुस्तकात आहे, नाही असे नाही. पण ती कोपऱ्यात आहे. लेखिका स्वतः परदेशीच आहे, घर विकत घेतल्याने ती बेटाची होत नाही, हे भान तिला मधूनमधून चाटून जाते, आणि ती पाने आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटली. हायड्रावर या दांपत्याने १९६४ पर्यंत दिवस काढले. १९६० साली लेनर्ड कोहेन हा तरुण कॅनेडियन कवी तेथे आला व त्यानेही घर घेतले; पुढे त्याच्या कीर्तीमुळे जे लोक हायड्रास आले ते कोहेनचे घर पाहण्यास आले. उन्हाळी गर्दीविषयी कपाळाला आठ्या घालणाऱ्या लेखकांनीच पुढची गर्दी आमंत्रिली, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

हंगामाबाहेर जाणाऱ्याचा हा अहंकार आज फार फोफावला आहे. ‘गर्दी गेल्यावर मीच खरे बेट पाहिले’ असे सांगणारे लेखन इंग्रजीत उदंड झाले असून मराठीतही येऊ लागले आहे. रिकामा धक्का, एकटे मांजर, मिटलेली खिडकी, आणि तीत लेखकाचे खिन्न अंतःकरण. आम्ही विचारतो, खिडकी मिटलेली का आहे? घरधनी अथेन्सला गेला आहे का? त्याची मुले तेथे शाळेत आहेत का? सांतोरिनीसारख्या बेटांवर नेमणूक झालेल्या शिक्षकांस व डॉक्टरांस राहण्यास घर मिळत नाही, आणि मिळालेच तर उन्हाळ्याच्या तोंडावर ते रिकामे करून द्यावे लागते, कारण तेच घर पाहुण्यांस दिले की कित्येक पटींनी भाडे येते. परीक्षा तोंडावर आल्या असताना बिछाना गुंडाळणारा तो शिक्षक कोणत्याही प्रवासवर्णनात आम्हांस भेटलेला नाही. आमच्या व्यवसायामुळे आम्हांस त्याची उणीव अधिक भासली असेल, हे मान्य आहे. तसेच, २०२५ च्या आरंभी सांतोरिनीजवळ समुद्रात भूकंपांची मालिका सुरू झाली आणि ११ हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले. ते पाहुणे नव्हते. तो हंगामाबाहेरचा काळ होता, आणि तरीही एवढी माणसे तेथे होती.

मराठी प्रवासवर्णनाकडे वळले तर आपला आद्य आणि अजून अजिंक्य ग्रंथ हा अवेळीच्या प्रवासाचा आहे, ही गोष्ट आपण विसरतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फेडावे म्हणून. सापडले बंडाच्या वणव्यात. ‘माझा प्रवास’ छापून निघाला १९०७ साली. त्यांना झाशी पाहावयाची नव्हती. झाशीनेच त्यांना गाठले. त्यानंतर आपला प्रवास सुशिक्षितांचा झाला, आणि आपल्यातील सुशिक्षित म्हणजे बव्हंशी शिक्षक, प्राध्यापक व नोकरदार. मे महिना आणि दिवाळी, एवढीच आपली दोन दारे. त्या दारांतून जे दिसले ते आपण लिहिले. ‘अपूर्वाई’तील लंडन आपल्याला अधिक घरचे वाटते याचे श्रेय अर्थातच पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिभेचे. परंतु तेथे ते शिकावयास म्हणून महिनोन्‌महिने राहिले होते, याचाही त्यात वाटा असावा. मुलांच्या वह्यांतील ‘माझी सहल’ हा निबंध तपासताना आम्ही तीस वर्षे एकच सूर्यास्त वाचीत आलो आहोत. दोष मुलांचा नाही. त्यांना आपण जे प्रवासवर्णनाचे उतारे शिकवितो त्यांतच तो सूर्यास्त आहे.

आणि आम्ही ज्या प्रदेशात राहतो तो तर स्वतःच पाहिला जाणारा प्रदेश आहे. गोव्याविषयीचे जेवढे लेखन बाहेरून येते त्यात डिसेंबर असतो. मे संपता संपता किनाऱ्यावरचे मांडव उतरविले जातात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. २४ जूनला सांजांवाच्या दिवशी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून पोरे विहिरीत उड्या घेतात. शेतांत लावणी चालते. हे आमचे भर हंगामाचे दिवस. अलीकडे या पावसाचीही जाहिरात होऊ लागली आहे आणि पावसाळी पाहुणे येऊ लागले आहेत. त्यांनी यावे, घरांस त्याने दोन पैसे मिळतात. पण एखाद्या लेखकाने लावणीच्या चिखलात उभ्या बाईस पाहून ‘निर्जन गोवा’ असे लिहिले, की क्लिफ्टबाईंच्या पहिल्या पुस्तकाचे स्मरण होते आणि त्याची योग्यता अधिकच पटते.

कालिम्नोसचे पंचांग त्यानंतर पुन्हा एकदा बदलले. स्पंजाचा धंदा कृत्रिम स्पंजामुळे आधीच खालावला होता. पुष्कळ कुटुंबे फ्लॉरिडातील टारपन स्प्रिंग्ज येथे व ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे जाऊन स्थायिक झाली होती. १९८६ साली भूमध्य समुद्रातील स्पंजांवर रोग पडला आणि उरलेसुरलेही गेले. पाणबुड्यांचा लकवा आता एका नाचात उरला आहे. ‘मिखानिकोस’ या नाचात नाचणारा तरुण थरथरत्या पायांनी, काठीवर भार देऊन, पांगळ्या पाणबुड्याचे सोंग करतो. १९९६ साली एका इटालियन गिर्यारोहकाच्या नजरेस बेटाचे चुनखडीचे कडे पडले, आणि ज्या खडकाने त्या बेटास शेती करू दिली नाही तोच खडक चढण्यासाठी देशोदेशीचे लोक येऊ लागले. जुलै-ऑगस्टच्या उन्हात कडा तापतो. म्हणून त्यांचा हंगाम वसंताचा आणि शरदाचा. ऑक्टोबर हा त्यांचा मुख्य महिना आहे. तांडा परत येण्याचा तोच काळ. पूर्वी त्या महिन्यात पोथियाच्या धक्क्यावर बायका उभ्या राहून होड्यांवरची डोकी मोजीत, आणि ते प्रकरण क्लिफ्टबाईंनी लिहिलेले नाही.